सासूबाईंच्या खोलीचं छप्पर

नणंदेने मांजर्लीच्या रो-हाउसच्या गच्चीवर पत्र्यांना आधार म्हणून लोखंडी पाइपांच्या कैच्या उभ्या करून वर पत्रे टाकले आणि तिथे आईंसाठी खोली काढली, हे ऐकून माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच कशाला लपवू? आई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न झाल्यापासून त्या आमच्याकडेच, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये. मी साइटवरून धुळीने माखून आले की त्यांनी चहा टाकलेला असतो. लेकीकडे मुक्कामाला राहणं त्यांना कधी पटलं नव्हतं, आणि आता कायमच्याच निघाल्या होत्या. कारण काय, तर तिकडे शांत आहे. नवरा म्हणाला, दोन स्टेशनांवर तर आहे. त्याला काय कळतंय!

वर नणंदेचा फोन आला, वहिनी, तुझं कामच आहे ते, छप्पर एकदा बघून दे. मी इमारतींची आणि शेडची तपासणी करते. रविवारी आईंना घेऊन गेले.

खोली छान होती. खिडकीतून नदी दिसत होती. पुरात खालच्या मजल्यावर पाणी शिरतं म्हणून आईंना वर ठेवायचं, हेही शहाणपणाचंच होतं, आणि त्याचाही मला रागच आला. आई नव्या पलंगावरची चादर हाताने सारखी करत होत्या. माझ्या घरातल्या पलंगाचं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

मी शिडी लावून वर चढले. मला खोट हवीच होती, आणि ती सापडली. एका जोडावर तारेचा ब्रश घासला तर चंदेरी रंग निघून आला आणि खाली वेल्डिंगचे नुसते टाके दिसले. आधी टाके मारून पाइप जागेवर धरायचे, मग जोड सगळीकडून पक्का करायचा, अशी पद्धत आहे. या फॅब्रिकेटरने टाक्यांवरच रंग फासला होता. पुढचे जोडही तसेच. पत्र्याखाली वादळी वारा शिरला असता तर हे जोड उसवले असते. मला इतका आनंद झाला की शिडीवरच हसू आलं.

खाली येऊन मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. नणंदेचा चेहरा उतरला. आता पावसाळा होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी म्हणणारच होते.

तेवढ्यात आईंनी विचारलं, "दुरुस्त होतं का गं?"

कामाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. होतं, म्हटलं, चांगला वेल्डर मिळाला तर एका दिवसात.

"मग उद्याच बोलव त्याला. मी बॅग भरून ठेवलीय."

कधी भरली? माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली! घरी जाताना रिक्षातूनच मी रागारागाने ओळखीच्या वेल्डरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी वेल्डरच्या डोक्यावर उभी राहिले. जोड मनासारखा झाला नाही की घासून पुन्हा करायला लावत होते. तो वैतागला. संध्याकाळी नणंद म्हणाली, वहिनी, पुरे आता, पक्कं झालंय सगळं.

"त्याच्याखाली आई झोपणार आहेत," मी म्हटलं, आणि शेवटचा जोड पुन्हा करून घेतला.