पळत्या बसचा वेग

पहिल्याच ओळीत मी माती खाल्ली. लातूरच्या भाड्याच्या खोलीत, रविवारी दुपारी, मुलीच्या वहीत ऐटीत लिहिलं : सुरुवातीचा वेग शून्य. गणित असं होतं की पळत्या बसला ब्रेक लागतो, तिचा वेग सारख्या दराने कमी होतो आणि चार सेकंदांत, चाळीस मीटरवर ती थांबते. ब्रेक लागला तेव्हा वेग किती? म्हणजे जे विचारलं होतं, तेच मी शून्य धरून मोकळा झालो होतो.

"पप्पा, बस आधीच पळायलीय ना," मुलगी म्हणाली. "शेवटचा वेग शून्य. आकडा दिला नाही, पण 'थांबते' असं दिलंय की."

"आमच्या काळी बसा उभ्याच असायच्या."

पूर्वी असल्या विनोदावर ती उशी फेकून मारायची. आता तिने गुपचूप माझं शून्य खोडलं.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी तिचं हे दुसरं वर्ष. बायको तिच्यासोबत खोली करून राहते. मी महिन्यातून एकदा, शनिवारी नांदेडहून येतो आणि सोमवारी सकाळी एकटा परततो. या खेपेला बॅगेत दोन वस्तू होत्या. एक, क्लासच्या तिसऱ्या वर्षाच्या बॅचचा फॉर्म; माझी सही झालेली, तिची तेवढी बाकी. दुसरी, पंख्याचा कंडेन्सर. मागच्या खेपेला छताचा पंखा गायब होता, कोपऱ्यात टेबलफॅन घरघरत होता. "काढलाय," एवढंच बायको म्हणाली होती. बिघडला असणार, हे मी माझ्या अकलेने ठरवलं.

मी वही चाळली. क्लासचा नियम असा की सोडवण्याआधी समासात पाच गोष्टी मांडायच्या : सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, वेळ, अंतर. तीन माहीत असल्या की उरलेल्या दोन निघतात. तिने प्रत्येक गणिताला त्या सुबक मांडल्या होत्या. खाली पान कोरं. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही.

"अक्षर लई छान आलंय," मी म्हणालो. "उत्तरं कुठायत?"

"निघत न्हाईत."

"अगं, तीन माहीत असल्या की..."

"माहीत हाय, पप्पा."

ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. ताटात सकाळची भाकरी तशीच होती. मी फॉर्म तिच्या उशाशी ठेवला, वर पेन ठेवला. मग बापाने काहीतरी कामाचं करावं म्हणून कंडेन्सर घेऊन स्टुलावर चढलो आणि पंखा कुठं ठेवलाय, असं बायकोला विचारलं.

"खाली उतरा," ती म्हणाली, आणि दंडाला धरून मला जिन्यात घेऊन गेली.

"पंखा बिघडला नव्हता. मी घरमालकाला सांगून उतरवला. महिना झाला, मी दाराला पाठ लावून झोपते."

हातातला कंडेन्सर कुठं ठेवावा ते मला कळेना. "मला सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगितलं की. जेवत नाही म्हणलं, तर तुम्ही म्हणालात परीक्षेचं टेन्शन. झोपत नाही म्हणलं, तर तुम्ही बदाम आणले."

आतून टेबलफॅनची घरघर येत होती. बायकोने पदराने तोंड पुसलं.

"आधी तो फॉर्म तिच्या उशापासून उचला," ती म्हणाली. "आणि उद्या एकट्याचं नका काढू. नांदेडची तीन तिकिटं काढा."