पाठीवरचा मस

पाठीवर काहीतरी आहे हे मला आंघोळ करताना कळलं. उजव्या खांद्याच्या खाली, बॅगेचा पट्टा घासतो तिथे मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. दुखत नव्हतं. आरशात पाहायला मान वळवली, पण पाठीचा तेवढाच भाग दिसेना.

भंडाऱ्यात कॉलेजसाठी खोली करून राहायला लागून मला वर्ष झालं होतं. सोबतची मैत्रीण लग्न ठरल्यामुळे उन्हाळ्यानंतर परत आलीच नव्हती. एकटं राहण्यात काय अडचण येते, असं कोणी विचारलं असतं तर मी जेवणाचं सांगितलं असतं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे सुचलं नसतं.

मोबाईलवर शोधलं आणि जास्तच घाबरले. घरी सांगायची हिंमत नव्हती. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच. मला पाठवताना बाबा एकच बोलले होते, "तब्येत बिघडली का सरळ घरी यायचं." म्हणजे शिक्षण तिथेच संपलं.

शेवटी घरमालकीण काकूंना विचारलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला, माझ्या पाठीवर बोट फिरवलं.

"चामखीळ हाय वं. घोड्याच्या केसानं आवळून बांधली का गळून पडते."

"काकू, घोडा कुठून आणू?"

"मंग काळा धागा घे. माह्या डोयाले त सुईतला दोरा दिसत नाही, तुया मैत्रिणीले सांग बांधायले."

मैत्रीण नाही हे त्यांना माहीत होतं, पण बोलण्याच्या ओघात विसरल्या असतील.

दार लावून मी धाग्याचा फास केला. एक हात वरून, एक खालून. फास बसायचा आणि ओढताना सटकायचा. बराच वेळ प्रयत्न केला. हात भरून आले आणि रडूही आलं. धागा बांधायलासुद्धा दुसरं माणूस लागतं.

मग सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत सगळ्यांसोबत कोणी ना कोणी होतं. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी भिंगासारखं उपकरण लावून पाठ पाहिली. धाग्याचं मी घाबरतच सांगितलं.

"बरं झालं जमलं नाही. चिघळलं असतं. आणि ही चामखीळ नाहीच. चामखीळ वरून खरखरीत असते. हा मस वाटतोय. गुळगुळीत आहे, रंग सगळीकडे सारखा आहे, कडा नीट आहेत. कधीपासून आहे?"

"मला... माहीत नाही."

"नवीन आहे की लहानपणापासूनचा, एवढं तरी?"

ते मला कसं माहीत असणार? बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं आणि मला म्हणाल्या, "घरी विचारून ये."

व्हरांड्यात जाऊन मायला फोन लावला. ती धानाच्या रोवण्यावर होती, चिखलात रोपं लावत. मागे बायांचा कालवा ऐकू येत होता.

"माय, माझ्या पाठीवर काही होतं का गं? लहानपणी?"

"पाठीवर मस हाय नं. उजव्या आंगाले. पहिले तिळावानी होता, मंग वर आला. कायले?"

मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगी पाठ कोणाले दाखवून राहिली वं?" सगळ्या हसल्या. माय हसली नाही.

"तू कोठी हायेस?"

"दवाखान्यात. काही नाही झालं, माय."

"एकटीच?"

मी हो म्हटलं. बायांचा आवाज लांब गेला; ती बांधावर आली असावी. मग ती म्हणाली, "तुया बाबाले नाही सांगत मी. डॉक्टर काय म्हणते ते आईक."

डॉक्टर बाईंनी ऐकून मान हलवली. काळजीचं काही दिसत नाही म्हणाल्या. पट्ट्याने फारच त्रास झाला तर जागा बधिर करून काढता येईल, काढला की तुकडा तपासायला पाठवतात. नाहीतर तसाच राहू दे. आकार, रंग बदलला, खाज आली, रक्त आलं तर लगेच ये.

"महिन्यातून एकदा घरी कोणाला तरी पाहायला सांगत जा," त्यांनी सांगितलं. मी हो म्हटलं.

महिन्यातून घरी जाणं जमलं नाही. फोन उलटा धरून फोटो काढायचे, ते हलायचे. बॅग तेवढी डाव्या खांद्यावर घ्यायला लागले.

दिवाळीला गेले. पहाटे मायने उटणं लावायला मला पाटावर बसवलं. मी मोठी झाल्यापासून तिने माझी पाठ चोळली नव्हती. तिचा खरखरीत हात खांद्याखाली आला आणि थांबला. कंदील जवळ ओढल्याचा आवाज झाला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"मस तसाच हाय," ती म्हणाली. "तूच वाळली वं."

आणि तिने तांब्याभर कढत पाणी पाठीवर ओतलं.