नाकशेठ आणि पेट्रोलचा वास

गॅरेजवाल्याला सगळे नाकशेठ म्हणत, आणि ते काही उगाच नाही. गाडी दारात आली की पठ्ठ्या आधी हुंगायचा, मग पाना उचलायचा. ऑइल जळतंय की क्लच, टाकी पाझरतेय की नळी, सगळं नाकावर. पण मध्यंतरी त्याला ताप आला, आणि उतरताना वास घेण्याची ताकदच घेऊन गेला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ?

अशात नर्सबाई आठवड्यात दुसऱ्यांदा मोटरसायकल घेऊन आल्या. "शेठ, तुम्ही म्हणालात काही नाही. पण पेट्रोलचा वास जात नाही हो. गाडी घरातच लावते मी, आईच्या खाटेशेजारी."

"संध्याकाळी या," तो कसाबसा म्हणाला. गेल्या खेपेला त्याने कार्ब्युरेटरपाशी नाक नेऊन सवयीने मान डोलावली होती आणि गाडी परत दिली होती. निव्वळ नाटक. आणि तिकडे ती म्हातारी पेट्रोलच्या वाफेत झोपत होती.

त्याने कार्ब्युरेटर उघडला. आतली सुई ठीक, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोटही ठीक. पुन्हा बसवला. थेंब काही दिसेना, कारण बाहेर येईल तेवढं पेट्रोल उडून जात होतं. तो बसला, कार्ब्युरेटरवरून बोट फिरवत राहिला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला. काही केल्या चैन पडेना.

मागच्या घरातून बायको आली आणि अंगाला लावायच्या पावडरचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "नाक चालत नाही तर डोळे चालवा. ही भुरभुरवा, ओली होईल तिथे कळेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्या दिवशी दूध करपून घरभर वास सुटला, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. म्हटलं, सांगतील आपणहून. सांगताहेत कुठले."

त्याने कार्ब्युरेटर कोरडा पुसला, पावडर भुरभुरवली, पेट्रोलचा कॉक उघडला. रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन बघतो तर कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीच्या कडेला, मागच्या स्क्रूपाशी, पावडर भिजून काळवंडली होती. तिथलं रबर चिरलेलं निघालं. नवं बसवलं, पुन्हा पावडर टाकली. ती कोरडीच राहिली. तरी त्याचा जीव खालीवर होतच राहिला.

संध्याकाळी नर्सबाई म्हणाल्या, "सापडलं ना? तुमच्या नाकाला मानलं पाहिजे."

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. "मला वास येत नाही, बाई," तो म्हणाला. "गेल्या खेपेलाही येत नव्हता."

नर्सबाईंनी पर्स शेजारी उभ्या त्याच्या बायकोच्या हातात दिली, गुडघे टेकले आणि कार्ब्युरेटरपाशी स्वतः हुंगून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून गेलेली गाडी कुणी अशी तपासली नव्हती. त्याचे कान तापले.

"नाही येत वास," त्या म्हणाल्या.

"अजून एकदा बघा," नाकशेठ म्हणाला. "नीट बघा."