लाईट गेली की चालणारी कार्डं

"भिंगारदिवेचा हात लागला की कार्ड गेलंच समजा."

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. आमची लॅब आणि विभागप्रमुख पठारे सरांची केबिन यांच्यामध्ये एक प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि ते छतापर्यंत पोचत नव्हतं. सर कार्डं पुरवणाऱ्या डीलरशी फोनवर बोलत होते. पार्टिशनच्या अलीकडे, लॅबमध्ये, मी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एका उघड्या मशीनसमोर उभी होते. माझ्यामागे भिंगारदिवे मामा फरशी पुसत होते. त्यांचं फडकं थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

"आमच्या हाताचं नाव निघायला येळ लागत न्हाई, मॅडम," ते हळूच म्हणाले.

मी मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिले. मी तेव्हा फारसं बोलतच नसे. शाळा कॉन्व्हेंटची, नंतरचं सगळं शिक्षण इंग्रजीतून. मराठी घरी बोलायचो, पण चार लोकांत तोंड उघडलं की कुणीतरी हसेल असं वाटायचं. स्टाफरूममध्ये मला शिष्ट समजत. तो गैरसमज मला सोयीचाच होता.

आमचं पॉलिटेक्निक केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला. मी तिथे लॅब इन्स्ट्रक्टर होते. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. मामा लॅब अटेंडंट होते आणि सहा वर्षं हंगामी होते. त्या शनिवारी संस्थेची मीटिंग होती. कुणाला कायम करायचं ती यादी त्यात ठरणार होती आणि प्रत्येक नावापुढे विभागप्रमुखाचा शेरा लागायचा. मामांच्या नावापुढची जागा अजून कोरी होती. तिथे काय लिहिलं जाणार, ते बुधवारी त्या फोनवरून आम्हा दोघांनाही कळलं.

आता कार्डाबद्दल. नेटवर्क कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारी तळहाताएवढी पट्टी. तिला मागून वायर जोडली की तो कॉम्प्युटर दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलू शकतो. आमच्या लॅबमध्ये वीस मशीन होती आणि प्रत्येकावर तीन सिस्टीम होत्या: डॉस, विंडोज ९५ आणि युनिक्स. मशीन सुरू केलं की कुठली हवी ते विचारायचं. सकाळची बॅच युनिक्सवर, दुपारची विंडोजवर, तिसरी पुन्हा युनिक्सवर. त्यामुळे तिन्हींवर चालेल असंच कार्ड हवं होतं. विंडोज ९५ येऊन एक-दोन वर्षंच झाली होती. बाजारातल्या कार्डांच्या खोक्यांवर सगळ्यांची नावं छापलेली असायची, पण सोबतच्या फ्लॉपीत सगळ्यांचे ड्रायव्हर असतीलच असं नसे. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सिस्टीमला सांगणारा छोटा प्रोग्रॅम.

कार्ड निवडायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. डीलरने तीन नमुने दिले. मी वर्कशॉपमध्ये तीन जुनी मशीन मांडली, एकावर डॉस, दुसऱ्यावर विंडोज, तिसऱ्यावर युनिक्स. प्रत्येक कार्ड तिन्हींत घालून बघितलं. पहिल्याला युनिक्सचा ड्रायव्हरच नव्हता. दुसरं तिन्हींवर चाललं, पण ते जुन्या पद्धतीचं. त्यावर तुरीच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या होत्या, त्यांना जंपर म्हणतात. त्या हाताने काढून-घालून कार्डाचा नंबर ठरवायचा. तिसरं नव्या पद्धतीचं, प्लग अँड प्ले. जंपर नाहीत, काही नाहीत. तेही तिन्हींवर चाललं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, तिसरं घ्यावं, तिन्ही सिस्टीमवर तपासलं आहे. खाली सही केली. वीस कार्डं आली. मामांनी आणि मी मिळून ती बसवली.

दोन आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या. तिसऱ्या बॅचला निम्म्या मशीनवर सर्व्हर, म्हणजे सगळी मशीन ज्याला जोडलेली तो मुख्य कॉम्प्युटर, सापडायचा नाही. मुलं हात वर करून बसायची. आम्ही तीन कार्डं काढून डीलरकडे पाठवली. दोन दिवसांनी तो स्वतः ती घेऊन आला.

"कार्डं टकाटक आहेत, मॅडम. माझ्या दुकानात पळतात. तुमच्याकडं बसवताना कुणी दाबतंय-बिबतंय का?"

सरांनी विचारलं, "बसवलं कुणी?"

"भिंगारदिवे आणि मी," मी म्हणाले. पण इतक्या हळू, की सरांनी पहिलं नाव ऐकलं आणि दुसरं ऐकलं नाही. किंवा मीच तसं बोलले.

बुधवारचा तो फोन यानंतरचा.

गुरुवारी तिसऱ्या बॅचला पुन्हा तेच. सात मशीन गप्प. मी एक उघडून बसले होते, तेवढ्यात लाईट गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे सगळे पडदे एकदम काळे झाले. दहा मिनिटांनी लाईट आली. मामांनी एकेक मशीन सुरू केलं. वीसच्या वीस चालू. मुलं कामाला लागली.

"मॅडम, एक सांगू का?" मामा म्हणाले. "लाईट जाऊन आली ना, की समदी नीट व्हत्यात. दर टायमाला. मी लई दिस बघतोय."

"मग सरांना का नाही सांगितलं?"

"मला इचारलं कुनी? आन सांगून काय सांगू, लाईट घालवा म्हनून?"

मी हसले. मग हसू थांबलं.

मुलं गेल्यावर मी एक मशीन घेतलं. विंडोज सुरू केलं. मग तीन बटणं एकत्र दाबून, मशीन बंद न करता, युनिक्स सुरू केलं. सर्व्हर सापडला नाही. आता स्विच बंद केला, दहापर्यंत मोजलं, पुन्हा सुरू करून युनिक्स निवडलं. सापडला. पाच वेळा केलं. पाचही वेळा तसंच.

भानगड अशी होती. कार्डाला एक नंबर असतो आणि सिस्टीम त्या नंबरावर त्याला हाक मारते. जंपरवाल्या कार्डाचा नंबर टोपीने ठरतो, तो कुणी बदलू शकत नाही. प्लग अँड प्ले कार्डाला विंडोज आपल्या सोयीने नंबर देतं, काही मशीनवर मूळचाच, काहींवर वेगळा. मशीन पूर्ण बंद केलं की कार्ड ते विसरतं आणि मूळ नंबरावर येतं. पण नुसती तीन बटणं दाबली, तर ते विंडोजचा नंबर धरून बसतं. युनिक्स बिचारं जुन्या नंबरावर हाका मारत राहतं.

आमच्याकडे बॅच बदलताना मशीन बंद करायला मनाई होती. भिंतीवर टाईप केलेली सूचना होती, सतत ऑन-ऑफ केल्याने मशीनचं आयुष्य कमी होतं, खाली पठारे सरांची सही. मामा ती सूचना तंतोतंत पाळायचे. तीन बटणं, वीस मशीन, दिवसातून दोनदा.

आणि मी? मी तपासलं तेव्हा कार्ड एका मशीनमधून काढून दुसऱ्यात घालत होते. कार्ड काढायचं तर मशीन बंद करावंच लागतं. म्हणजे माझ्या टेबलावर प्रत्येक सिस्टीमला ते ताजं मिळत होतं. एका मशीनवर एकामागून एक सिस्टीम चालवून बघायचं मला सुचलंच नाही. डीलरच्या दुकानातही तेच झालं असणार.

उपाय फ्लॉपीतच होता. एक सेटअप प्रोग्रॅम चालवून प्लग अँड प्ले बंद करायचं आणि नंबर कायमचा बसवायचा. शुक्रवारी पहिली बॅच यायच्या आधीच आम्ही दोघांनी वीस मशीन केली. मी फ्लॉपी चालवायची, मामा वहीत मशीनचा क्रमांक लिहून पुढे टिक करायचे. तिसरी बॅच विनातक्रार झाली.

"झालं, मॅडम. आता कुनाचं नाव निघायचं न्हाई," मामा म्हणाले.

पण नाव तर निघून झालं होतं. मला तेच टोचत होतं. आता कार्डं बिघडणार नव्हती, त्यामुळे कुणी काही विचारणारही नव्हतं. मी गप्प राहिले असते तर माझं काहीच बिघडत नव्हतं. फक्त कोऱ्या जागेत एक शेरा लागला असता.

त्या संध्याकाळी मी दोन पानांचं इंग्रजी टिपण टाईप केलं. नंबर, सेटअप, सगळं व्यवस्थित. सकाळी वाचून बघितलं तेव्हा लक्षात आलं की त्यात 'मी' कुठेच नव्हते. असं आढळून आलं, असं तपासण्यात आलं. कोणी तपासलं, याचा पत्ता नाही. तरी मी तेच घेऊन गेले.

पुढचं आधी सांगून टाकते. माझ्या फाईलला एक मेमो लागला, तो अजूनही तिथे असेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या लॅबसाठी कार्डं घेतली, ती जंपरवाली घेतली. भिंतीवरची सूचना कुणी काढली नाही, पण तिच्यावर वेळापत्रक चिकटवलं गेलं. मामांची कायम केल्याची ऑर्डर दिवाळीनंतर आली. आणि कुणी कार्ड निवडायला मला विचारलं तर मी एवढंच सांगते की ते कशावर चालतं यावर थांबू नका, कशानंतर कशावर चालतं तेही बघा.

शनिवारी मीटिंगच्या आधी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. संस्थेचे सेक्रेटरी भाऊसाहेब तिथेच चहा घेत बसले होते. सरांसमोर यादी होती, पेनचं टोपण काढलेलं. मी टिपण पुढे केलं. भाऊसाहेबांनीच ते घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"ताई, हे आमच्यासाठी लई बारीक इंग्लिश झालं. काय म्हणायचंय ते मराठीत सांगा की."

"अहो, मिस लोंढे बोलत नाहीत," सर हसून म्हणाले. "आमच्याकडं वर्ष झालं, मी अजून आवाज ऐकला नाही. ठेवा टिपण, मी वाचीन नंतर."

पार्टिशनच्या पलीकडे फरशी पुसायचा आवाज येत होता. तो थांबला. मला भिंतीवरची सूचना आठवली. ती पुढे करता आली असती, म्हणजे दोष सूचनेवर गेला असता. पण सही केलेला रिपोर्ट माझा होता.

भाऊसाहेब बशी हातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांना घाई नव्हती.

"सर, भिंगारदिवे मामांच्या हातून एकही कार्ड बिघडलेलं नाही," मी म्हणाले. आवाज पार्टिशनच्या वरून जाईल एवढा मोठा निघाला. "कार्ड मी निवडलं होतं. तपासताना मी चुकले. ते मामांनी ओळखलं. शेऱ्यात हे लिहा."