काळुआजाची शेवटची जागा

दोर ओढताना आमच्या बाजूला सगळ्यात शेवटी माझा आजा उभा राहतो, काळुराम. दोराचं टोक कंबरेभोवती, पाय अनवाणी, आणि चेहरा असा की समोरचे जणू त्याच्या पुढ्यातलं मटणाचं ताट ओढतायत.

शीळफाट्याजवळच्या आमच्या गावात गावदेवीच्या जत्रेला दोर ओढतात. जिंकतील त्यांचा पालखीला पहिला खांदा. हा मान मला कळायला लागल्यापासून आमच्या आळीचा. शेत गेलं, म्हशी गेल्या, दोर ओढायचं ते खळंही गेलं. बिल्डरच्या कागदावर सही आजानेच केली. खळ्यावर टॉवरचं अंगण आलं, गुळगुळीत फरशीचं. देऊळ तेवढं कोपऱ्यात राहिलं, आणि मान.

यंदा टॉवरचे सेक्रेटरी कमलेशअंकल आले. "काका, जागा आमची, तर टीम पण आमची पायजे ना! एकदम फ्रेंडली. टेन्शन नाय घ्यायचा."

ते गेल्यावर आजाने विचारलं, "फेंडली म्हंजे काय गो, कृतिका?"

"हरलात तरी हसायचं."

"मंग नाय जमाचा."

तेव्हा नववीत आमचे गतीचे नियमच चालू होते. मेघना मॅडम नाकावरचा चष्मा वर ढकलत, शब्द चावून चावून सांगतात, "मुलांनोऽ, दोर दोन्हीकडे सारखाच ओढला जातो. मग जिंकतं कोण? जो जमिनीला पायाने जास्त रेटू शकतो, तो! तुम्ही जमिनीला पुढे ढकलता, जमीन तुम्हाला मागे ढकलते. घर्षण नसेल तर दंड कितीही फुगवा, घसरणारच."

मी घरी येऊन चष्म्यासकट हे सगळं करून दाखवलं. आजा पोट धरून हसला. हसून झाल्यावर मी म्हटलं, "म्हणून या वर्षी बूट घाला."

"देवीम्होरं पायान चामरा?"

"रबर आहे ओ, आजा."

"रबराची काय देवी हाय?"

"बरं, पाणी तरी ओतू नका."

आजाचा चेहरा उतरला. आमच्याकडे शेवटच्या माणसाने आपल्या जागेवर तांब्याभर पाणी ओतायचं, टाचेने खळगा करायचा आणि त्यात पाय रोवायचा. माती भिजली की टाच आत जाते. "माजे बापाने वतला, त्याचे बापाने वतला. तुजे म्याडमने कदी दोर वढला काय?"

जत्रेच्या दिवशी टॉवरची पोरं रबरी बूट घालून आली. आमचे सगळे अनवाणी. आजाने देवीला हात जोडले, तांब्या उचलला. मी ओरडले, "आजा, नको ना!" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओतलं. फरशी आरशासारखी चकाकली. त्याने टाच मारली. टप्प. पुन्हा मारली. टप्प.

शिटी वाजली.

पुढचे आमचे गडी एकेक करून घसरत गेले, आणि शेवटी आजा. तो पडला नाही, सरळ बसला. बसल्या बसल्या, दोर कंबरेला तसाच, पाण्यावरून सुर्रर्र करत रेषेपलीकडे गेला. अख्खा टॉवर हसला. खरं सांगते, मलाही आलं हसू.

"वा काका, क्या स्पिरिट है!" कमलेशअंकलनी टाळ्या वाजवल्या. मग घोटाळा झाला. पालखीचा दांडा कुठल्या खांद्यावर घ्यायचा, ते त्यांच्या पोरांना ठाऊकच नव्हतं. आमच्यातल्या कोणीतरी मुकाट पुढे होऊन दाखवलं. पालखी उठली, ताशा वाजला, सगळे गेटकडे गेले.

आजा उठून आपल्या जागेवर परत गेला होता.

"चला ना, आजा. पालखी पुढे गेली."

"जा गो तू."

फरशी अजून ओली होती. धोतर मागून भिजून पायांना चिकटलेलं. एका पायावर भार देऊन तो दुसरी टाच फरशीवर घासत होता, खळगा होतोय का ते वाकून बघत होता आणि पुन्हा घासत होता.