करकोचा दिसेपर्यंत

फेब्रुवारी संपत आला की क्युस्तेंदिल शहराच्या बाजारात लाल-पांढऱ्या दोऱ्यांशिवाय काही दिसत नाही. एक मार्चला एकमेकांच्या मनगटावर ही दोऱ्याची मार्तेनित्सा बांधायची, आणि पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसलं की ती सोडून फांदीला बांधायची. एक मार्च उलटला की बाजारात या दोऱ्यांना कुत्रंही विचारत नाही. देनित्साचा सगळा धंदा त्या एका महिन्याचा.

यंदा तिनं नसता उद्योग केला. लोकरीचा पांढरा पिझो आणि लाल पेंदा अशी बाहुला-बाहुलीची जोडी सगळेच करतात. देनित्सानं दोघांच्या मध्ये एक चिमुकली तिसरी बाहुली लटकवली. गिऱ्हाइकं ती उचलायची, हसायची आणि शेजारच्या टेबलाकडे वळायची.

"पिझो-पेंदाला कधी पोर झालंय का गं?" सासू स्तोइना लोकर गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "जन्मभर दोघंच लटकतायत बिचारे. तू कुठून आणलंस?"

"आणीन कुठूनतरी, आई."

आपण काय बोलून गेलो ते सासूच्या ध्यानात आलं. तिनं मान खाली घातली, आणि त्या दिवशी स्वतः ओरडून ओरडून त्या तिसऱ्या बाहुल्या विकल्या. "घ्या हो, कुटुंबासकट घ्या! नुसत्या जोडप्याला काय चाटायचंय?"

देनित्सा आणि तिचा नवरा क्रुम यांना मूल नव्हतं. डॉक्टर झाले, रडून झालं, एकमेकांना दोष देऊन झाला. मग दोघांनी दत्तकासाठी नाव नोंदवलं आणि वाट बघत बसले. इतकी वर्षं गेली की क्रुमनं मुलासाठी ठेवलेल्या मधल्या खोलीत जुने टायर ठेवायला सुरुवात केली होती. यंदा थंडीत निरोप आला. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डॅन्यूबकाठच्या एका गावातल्या बालगृहात एक पाच वर्षांची मुलगी आहे. रुमेना नाव. टायर त्याच दिवशी बाहेर गेले. बाजारात जे मिळेल ते तिकडच्या फेऱ्यांसाठी ठेवायचं ठरलं.

पहिली भेट नेमकी एक मार्चला पडली. रुमेना बोलेना, बघेना. देनित्सानं पिशवीतून लोकर काढली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. हा दोरा एकटीला वळता येत नाही. समोरासमोर बसून दोघींनी पीळ द्यावा लागतो, आणि एकीनं जरी सोडलं तरी सगळा उलगडतो. पोरीनं टोक असं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. दोरा झाला, देनित्सानं तो तिच्या मनगटावर बांधला, तिनंही देनित्साच्या मनगटावर एक बांधला. गाठ जमेना तेव्हा दातांनी आवळली.

देनित्साला भरून आलं आणि ती नको ते बोलून बसली. "करकोचा दिसला ना, की आम्ही तुला घरी न्यायला येणार."

"असं कशाला सांगितलंस?" परतीच्या गाडीत क्रुम म्हणाला. "कोर्टाची तारीख काय करकोचा ठरवतो?"

"एप्रिलपर्यंत होईल म्हणाले होते ना?"

झालं नाही. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. क्युस्तेंदिलात चेरी फुलल्या. देनित्सा सकाळी पाव आणायला निघाली, समोर पांढरंशुभ्र झाड दिसलं, आणि लहानपणापासून करत आली तसंच तिनं मनगटावरची मार्तेनित्सा सोडून फांदीला बांधली. पाव घेऊन घरी येईपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही की ती गाठ कुणाच्या दातांची होती. आलं तेव्हा ती धावत गेली. झाडावर गल्लीतल्या सगळ्यांच्या मार्तेनित्सा लटकत होत्या. त्यातली तिची कुठली, कोण सांगणार?

आठवड्याभरात बालगृहाच्या मिलुशेवाबाईंचा फोन आला. "काही बरं चाललेलं नाही. मुलगी अंगणात पाऊल टाकत नाही. खिडकीकडे पाठ करून बसते. तुमचं नाव काढलं की डोळे गच्च मिटून घेते. एकदा येऊन जा. पण हे असंच राहिलं, तर नातं जुळलं नाही असंच मला कोर्टाला कळवावं लागेल."

देनित्सानं फोन ठेवला. "करकोचे केव्हाच आले असतील तिकडे," ती सासूला म्हणाली. "ती दारात वाट बघत बसली असेल, आई. आता ती माझं तोंडही बघायची नाही. माझ्याच जिभेनं माझं वाटोळं केलं."

सासूनं प्रवासाला खाणं बांधून दिलं. गाडीत दोघांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.

बालगृहाच्या फाटकासमोरच विजेचा खांब होता, त्यावर घरटं, घरट्यात करकोच्यांची जोडी. आवारात आलुबुखाराचं झाड फुललेलं. देनित्सा फाटकातच थांबली. क्रुमनं तिचा दंड धरून आत नेलं.

रुमेना भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसली होती. मनगटावरचा दोरा मळून काळा झाला होता. देनित्सा शेजारी टेकली.

"रुमेना, मी आलेय."

पोरीनं डोळे मिटले. मिलुशेवाबाईंनी दारातून क्रुमकडे बघितलं, पाहिलंत ना, अशा नजरेनं.

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही," मिटल्या डोळ्यांनीच उत्तर आलं. "मी अजून करकोचा बघितला नाही. सगळ्यांनी बघितला. मी नाही बघितला. झाडपण नाही." मग हळूच, "मी बघितला असता आणि तू आली नसतीस तर?"

रुमेनानं डोळे न उघडता हात पुढे केला, चाचपडत तिचं मनगट शोधलं, आणि बोटं दोऱ्यासाठी फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मनगट रिकामं होतं.

बाहेर खांबावर करकोचा चोच वाजवायला लागला, टकटक टकटक, सगळ्या आवारात घुमेल असा. पोरीनं पापण्या आणखी आवळल्या.

"हरवला ना तुझा दोरा?" ती घाईघाईनं म्हणाली. "हरवतो कधीकधी. इथल्या मितकोचापण हरवला. तू करकोचा बघितला नाहीस ना? हरवलाच ना?"

"हो गं," देनित्सा म्हणाली. "हरवला."

"आज न्यायला आलीस?"

"नाही. आज नाही."

रुमेनानं मान हलवली, जणू तिला माहीतच होतं. मग ती देनित्साच्या कुशीत शिरली, तोंड तिच्या कोटात खुपसून. देनित्सानं दोन्ही तळहात तिच्या कानांवर दाबून धरले. मिलुशेवाबाई पुढे आल्या आणि त्यांनी खांबाकडची खिडकी लावून घेतली.