चांदमारीची माती

रुखमाबाई कुंभारीण आमच्या घराशेजारची. नवरा मेल्यावर चाक थांबलं, पण माती मळणं काही सुटलं नाही तिचं. एकुलता एक इश्वर पोलिसात लागला, तिकडं जंगलातल्या चौकीवर. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट असंल. आमच्या टेकडीमागं पोलिसांची बंदुकीचा नेम शिकाची चांदमारी होती, अन् त्याईले छातीवर घालाची नवी जाकिटं तपासून पायची होती. जाकिटाच्या मागं माणसाच्या अंगासारखी मऊ माती पायजे. माती रुखमाबाईची, बंडी माही. बैलं माहे मरत, अन् अर्धा कप चहा पुसन कोणी, तर बाप्पा, नाव नाही!

लाकडाच्या चौकटीत माती थापाची, तिच्यावर जाकीट बांधाचं, हवालदारानं बार काढाचा. पिस्तुलाची गोळी कापडातच अडली. ठासणीच्या भरमार बंदुकीचे छर्रेही अडले. हवालदार खूश, "पास!" सुरी खुपसली, तं ते सरळ आत गेली. रायफलच्या गोळीनं जाकीट, माती, मागची फळी, सारंच फोडलं. दर खेपेला बाई वाकून खड्डे बुजवे, पाण्याचा हात फिरवे.

"हात गळून गेले रे पुंडलिक," एवढंच मले म्हणे.

पोळ्याले इश्वर सुट्टीवर आला. आल्या आल्या म्हणते, "माय, आता काहून भेतं? आमाले जाकीट भेटलं. गोळी आत जातच नाही."

माह्या जिभेवर आलं होतं सारं. पण बाईनं असे डोळे वटारले का मी गप. म्हटलं, आपलं काय जाते! ज्याचं जळते त्याले कळते.

दुसऱ्या दिवशी तो बसवर जायाले निघाला. बाईनं त्याले अंगणात बलावलं. ओल्या पोत्याखाली चांदमारीवरून आणलेली चौकट होती. त्यातला एक खड्डा तिनं बुजवलाच नव्हता. तिनं पोराची मूठ धरली अन् त्या खड्ड्यात ठेवली. अर्धी मूठ आत गेली.

"रायफलची गोळी?" त्यानं इचारलं.

"नाही रे बाबा. पिस्तुलाची. अडली होती ते. कापडाले भोकही नाही पडलं, तरी मागं एवढा खड्डा."

पोरगं मूठ ओढून मागं सरलं. मंग चिडलं. "मंग काय करू? नोकरी सोडून देऊ?"

"जाकीट घालजो," म्हणाली, "पण पहिले झाडाच्या आड होजो." त्याच्या हाताची माती तिनं पदरानं पुसली. तो गेला.

मी इचारलं, "आज माती न्याले बंडी जुपू का?"

"जुप," म्हणाली, अन् खड्डा बुजवाले बसली. पोराच्या मुठीचे ठसे त्यात तसेच होते. तिचा हात चालेना. मले लय वाईट वाटलं. तिले बाजूले बसवलं अन् तो खड्डा मीच बुजवला.